शालिकरामांचं एकगठ्ठा आवतन

गुडघे दुखायला लागले की माणूस डॉक्टरकडे जातो, देवाला नवस बोलतो, नाहीतर एरंडाची पानं गरम करून बांधतो. अमरावतीच्या शालिकराम होल्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी मल्टिकास्ट करायचं ठरवलं.

याला कारण होतं आवतन. पुण्याकडची माणसं म्हणे जेवायला बोलावताना फोन करतात, आणि ज्याला बोलावलं तो खरोखर येतोसुद्धा. वऱ्हाडात असं चालत नाही. आदल्या दिवशी घरोघर जाऊन, दारात उभं राहून, तोंडानं सांगावं लागतं. हे आवतन. त्यातही घरातल्या एकालाच बोलावलंय की सगळ्यांना, म्हणजे चूलबंद, हे स्वच्छ सांगावं लागतं, नाहीतर त्यावरून पुढची दहा वर्षं बोलाचाली बंद राहते. एवढ्यानंही भागत नाही. दुसऱ्या दिवशी पानं मांडली की पुन्हा घरोघर जाऊन 'चला' म्हणावं लागतं. ते बोलावणं. आवतन मिळालेला माणूस बोलावणं येईपर्यंत जागचा हलत नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, पोटात कावळे ओरडत असताना वर्तमानपत्र वाचत बसतो, आणि बोलावणारा दारात आला की डोळे वर करून म्हणतो, "अरे, आजच होतं काय?"

शालिकराम राहत त्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, वीसबावीस घरं होती. मंडळी बहुतेक अंजनगाव सुर्जीकडची, भाजी, फळं आणि फुलांच्या धंद्यात वर आलेली. शेतीवाडी गावाला ठेवून ती शहरात आली, पण आवतन मात्र बरोबर घेऊन आली. त्या आवतनात शालिकरामांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं. फाटक लोटून आत शिरायचं, आवाज थोडा खाली आणायचा आणि म्हणायचं, "पयले तुमच्याच घरी आलो, भाऊ." पहिल्या घरी हे खरं असे. पुढच्या घरी ते खाली आणलेल्या आवाजावर खपे. ऐकणारा फुलून जाई, चहाचा आग्रह करी, आणि "नको नको, अजून सारा लेआउट बाकी हाये" म्हणत शालिकराम त्या वाक्यावर शिक्का मारून बाहेर पडत. बिचाऱ्यांनी यात कोणाचं नुकसान केलं नव्हतं. उलट एका संध्याकाळी वीस घरांना पहिला मान देणारा माणूस सगळ्या अमरावतीत दुसरा नव्हता.

पण आता गुडघे गेले होते, आणि प्रसंग नेमका मोठा आला होता. मुलगी गीतांजलीचं अकोल्याच्या शेखर निमकरशी जमलं होतं, साखरपुडा झाला होता, आणि मुलाचे वडील महादेवराव लग्नाची तारीख पक्की करायला येत्या रविवारी येणार होते. महादेवराव अकोल्याच्या भाजीबाजारातले जुने अडते. बोलणं कमी, मिशा जास्त. साखरपुड्याच्या दिवशी सगळे बोलून दमल्यावर ते एकच वाक्य बोलले होते.

"आमाले देनंघेनं काई नाही पायजे, इवाई. फक्त तुमच्याकडची पंगत पाह्याची हाये. ज्याच्या पंगतीले मानसं नाहीत, त्याच्या घरी पोरगं द्याले मले भेव लागते."

पोरगं काही शालिकरामांच्या घरी नांदायला येणार नव्हतं, पण व्याह्याच्या वाक्यातली चूक काढायची नसते. शालिकरामांनी तिथंच कबूल केलं की सगळा लेआउट पंगतीला बसेल. बायको जयवंता हिनं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे कणकेचे रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत ठरवला. राहता राहिलं आवतन.

"कोन्या पोराले पाठवून द्या न," जयवंता म्हणाली.

"पोरानं देल्लेलं आवतन कोनी धरते काय?"

"मंग ऑटो करा, आन घरोघर फिरा."

ऑटोतून उतरत चढत वीस घरी आवतन देणारा सेवानिवृत्त ज्युनिअर इंजिनिअर, हे चित्र शालिकरामांना सहन झालं नाही. टेलिफोन खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. या फोनची तार त्या फोनला, त्या फोनची तार तिसऱ्याला. जन्मभर एकाला एक जोडत आले. निवृत्तीच्या आधी खात्यानं एका प्रशिक्षणाला पाठवलं, तिथं त्यांनी पहिल्यांदा मल्टिकास्ट हा शब्द ऐकला, आणि एकानं बोलावं नि अनेकांनी ऐकावं ही कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. पण खात्यानं प्रशिक्षण दिलं आणि पाठोपाठ निरोपाचा नारळ दिला. ते जोडायचं राहूनच गेलं. आता लेआउटमध्ये घराघरात फायबर आला होता. त्या वेगाच्या रस्त्यावरून लोक सिरियली पाहत होते, आणि ते पाहून शालिकरामांचा जीव तुटत होता.

मारुतीच्या पारावर त्यांनी योजना मांडली. ऐकायला शेजारचे नत्थुजी होते. नत्थुजी फुलांचे व्यापारी. हार मोजून विकत, सल्ला मात्र फुकट देत.

"हे पाहा नत्थुजी. एकेकाच्या घरी जाऊन सांगनं, हे झालं युनिकास्ट. गुडघ्याचं वाटोळं. भोंगा लावून साऱ्या गावाले सांगनं, हे झालं ब्रॉडकास्ट. ज्याले नाही पायजे त्याच्याबी कानात. आन मल्टिकास्ट म्हनजे, मी माह्या घरी बसून एकदाच बोलीन. ज्याच्या घरचा स्पीकरचा डब्बा म्हनीन का मले आयकाचं हाये, त्याच्याच घरी आवाज जाईन. वाटंत जिथं फाटा फुटते, तिथली मशीन त्याच्या परती काढून देते."

"आन कोनं आयकलं, कोनं नाही आयकलं, हे तुमाले कसं समजीन?"

"नाही समजत. याच्यात उलटा जबाब येत नसते. आपन बोलाचं आन मोकळं व्हाचं."

"म्हनजे मी माह्या घरी बोलतो तसंच," नत्थुजी म्हणाले, आणि योजनेला त्यांचा पाठिंबा मिळाला.

शालिकरामांनी टिफिनएवढे छोटे स्पीकर घेतले, प्रत्येकात काहीबाही भरलं आणि घरोघर बसवायला दिले. बोलायचा माईक स्वतःच्या बैठकीत ठेवला, आणि त्याला दाबून धरायचं बटण लावलं. बटण सोडलं की माईक बंद. इथं एक खुलासा करणं भाग आहे. माईक चुकून चालू राहिला आणि नवराबायकोचं भांडण गावभर गेलं, असं काही या हकिगतीत होणार नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसानं आयुष्यभर नीट न ठेवलेल्या रिसिव्हरांचे परिणाम पाहिलेले असतात. ज्यांना तसल्या गमतीची वाट पाहायची असेल त्यांनी दुसरीकडे बसावं.

पहिली अडचण लेआउटच्या कमिटीची आली. सेक्रेटरी ओमप्रकाश हे नियमाचे माणूस होते. लेआउटमध्ये कुत्रं भुंकलं तरी ते कोणत्या ठरावानं भुंकलं हे विचारणारे.

"आवाजाचं काम हाये, शालिकभाऊ. आवाजाले ठान्याची परवानगी लागते."

"ओमप्रकाशजी, घरातला डब्बा हाये. भोंगा नाही."

"मंग ठान्यातून तसं लिहून आना, का परवानगी लागत नाही."

शालिकराम ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि परवानगी लागत नाही हे तोंडानं तीनदा सांगितलं. पण लिहून देता येईना. जी परवानगी लागते तिचा छापील कागद त्यांच्याकडे होता. जी लागत नाही तिचा नव्हता. शेवटी साहेबांनीच तोड काढली. म्हणाले, तुम्ही भोंग्याच्या परवानगीचा अर्ज करा, मी तो 'भोंगा आढळला नाही' म्हणून फेटाळतो. त्याप्रमाणे अर्ज झाला, भोंगा नाही हे पाहायला एक शिपाई घरी आला, जयवंतानं त्याला चिवडा दिला, आणि अर्ज रीतसर फेटाळला गेला. आयुष्यात नामंजूर झालेल्या अर्जाचे पेढे वाटणारे शालिकराम पहिलेच असावेत. ओमप्रकाशांनी पेढा खाल्ला आणि कागद फायलीला लावला.

मग चाचण्या सुरू झाल्या. लेआउटचा इंटरनेट चालवणारा विपुल नावाचा मुलगा होता. कोणत्याही कामाला तो "होऊन जाईन काका" म्हणे. त्यातून काही निष्पन्न होत नसे, पण ऐकणाऱ्याला बरं वाटे. मारुतीच्या मंदिराजवळच्या खांबावर त्याची लोखंडी पेटी होती. सगळ्या घरांच्या तारा तिथं जमत. पहिल्या चाचणीला शालिकरामांनी बटण दाबलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हॅलो, शालिकराम होले बोलून राहिलो."

"आलं! आलं! साफ आलं!" नत्थुजी शेजारून ओरडले.

त्या आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लेआउटच्या टोकाला राहणाऱ्या मनकर्णाकाकू भेटल्या आणि म्हणाल्या की आपला डब्बा तर मुका आहे. तपास केला तेव्हा कळलं की सगळ्यांचेच डबे मुके आहेत. नत्थुजींना ऐकू आलं होतं ते खिडकीतून. झालं होतं असं, की या धंद्यात आवाज पाकिटं पाकिटं करून पाठवतात, प्रत्येक पाकिटाला किती दारं ओलांडायची याचं आयुष्य नेमून दिलेलं असतं, आणि मल्टिकास्टच्या पाकिटाला कारखान्यातूनच एका दाराचं आयुष्य मिळतं. शालिकरामांचा आवाज त्यांच्याच घरच्या राउटरपर्यंत जाऊन उंबरठ्यावर प्राण सोडत होता. "घरातबी तेच होते," जयवंता म्हणाली. शालिकरामांनी आयुष्य वाढवलं.

दुसरी चाचणी त्यांनी जरा मोठ्या दिमाखात केली. मारुतीची आरती, तीसुद्धा चित्रासकट, पाठवून पाहिली. आरती गेली. फारच गेली. खांबावरच्या पेटीला कोण मागतंय आणि कोण नाही यातला फरक करायला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ती दिसेल त्या तारेत आरती ओतत सुटली. घराघरातला वायफाय तिच्या ओझ्याखाली बसला. ओमप्रकाशांच्या टीव्हीवर शेवटच्या षटकात चेंडू हवेत राहिला तो राहिलाच. मनकर्णाकाकूंचा पुण्याचा नातू फोनवर तोंड उघडून थिजला, आणि त्याला काय झालं म्हणून काकूंनी हंबरडा फोडला. अख्खा लेआउट शालिकरामांच्या दारात जमला. एरवी ज्यांचं बोलावल्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं, ती माणसं न बोलावता धावत आली. शालिकरामांच्या ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

विपुलनं पेटीची समजूत घातली. आता ती मागेल त्यालाच देऊ लागली. पण तिसऱ्या चाचणीत निराळाच प्रकार. सुरुवातीला आवाज खणखणीत, आणि तीनचार मिनिटं झाली की एकेक डबा गप्प. शालिकरामांनी प्रशिक्षणातली जुनी टिपणं काढली, विपुलनं दोन फोन केले, तेव्हा उलगडा झाला. पेटी मागणाऱ्यांची नावं लक्षात ठेवते खरी, पण मधून मधून कोणीतरी विचारायला पाहिजे, 'अजून आहात का, ऐकताय का?' विचारणारं कोणी नसलं की ती समजते सगळे उठून गेले, आणि नावं पुसून टाकते. आपल्या नेटवर्कमध्ये विचारणारा कोणी नेमलेलाच नव्हता.

"विचारपूसच नाही केली त कोन राहीन?" वांगी निवडता निवडता जयवंता म्हणाली.

"हे तांत्रिक हाये. तुले नाही समजत."

विपुलनं विचारणारा नेमला. त्यानंतर सगळं इतकं सुरेख चालू लागलं, की शालिकरामांना झोपेत हसू येऊ लागलं. नत्थुजींनी डबा वास्तूप्रमाणे आग्नेयेला ठेवण्याचा सल्ला दिला होता, तेवढा त्यांनी मानला नाही.

शनिवारी संध्याकाळी शालिकरामांनी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडले, माईक हातात घेतला, बटण दाबलं आणि आवतन दिलं. "लेआउटच्या समस्त बंधुभगिनींनो, उद्या रविवारी दुपारी आमच्या घरी, शेजारच्या खाली प्लॉटवर, रोडग्यांचं जेवन हाये. अकोल्याचे इवाई येऊन राहिले. साऱ्याईले चूलबंद आवतन हाये हो." एकदाच बोलले. वीस घरी गेलं. ना फाटक, ना पायरी, ना चहा. पाय पुसून ते उठले तेव्हा त्यांना वाटलं, हीच सोय आधी असती तर बापाचे गुडघेही वाचले असते.

रविवारी सकाळपासून प्लॉटवर गोवऱ्या पेटल्या. त्यांचे रसरशीत निखारे झाले, रोडगे त्यात गेले, वांग्याच्या भाजीचा वास तीन गल्ल्या ओलांडून गेला. महादेवराव, त्यांच्या पत्नी आणि दोन भाऊबंद जीपनं आले. हातपाय धुणं झालं, पाणी झालं. पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. शालिकरामांनी ऐटीत बटण दाबलं. "हो मंडळी, पानं मांडली हायेत. चला!"

आणि बसले वाट पाहत.

कोणी आलं नाही. महादेवरावांनी लांबलचक रिकाम्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग मिशांवरून हात फिरवला.

"मानसं कुठी हायेत, इवाई?"

"येऊन राहिले. निघालेच हायेत."

शालिकरामांनी आत जाऊन पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आवाजात आधी आग्रह होता, मग विनंती आली, शेवटी जवळजवळ रडू आलं. जेवायला म्हणून आलेल्या विपुलला त्यांनी खांबावर चढवला. तो खाली उतरून म्हणाला, "काका, सारे जोडलेले हायेत. एकबी डब्बा सुटला नाही. आवाज साफ जाऊन राहिला."

सगळं चालू होतं. वायर चालू, पेटी चालू, डबे चालू, विचारणारा नेमानं विचारत होता. आणि पट्टीवर एक कावळा सोडून कोणी नव्हतं. रोडगे एकदा निवले की दगड होतात, आणि ते निवायला लागले होते. समोर व्याही बसले होते, ज्यांना पंगत पाहून पोरगं द्यायचं होतं. आत गीतांजली खिडकीशी उभी होती. तिनं एकदा बापाकडे आणि एकदा पट्ट्यांकडे पाहिलं. साऱ्या हयातीत इतकी लाज शालिकरामांना वाटली नव्हती.

"डब्बे जोडले तुमी," जयवंता हळूच म्हणाली. "मानसं आपापल्या घरी बसून हायेत. जा आता."

शालिकराम गुडघ्यांवर हात ठेवून उठले. महादेवरावही उठले.

"चला, मीबी येतो. बसून बसून भूकच वाढून राहिली."

नको म्हणायची सोय नव्हती. दोघे निघाले.

नत्थुजी ओसरीवर पांढरंशुभ्र धोतर नेसून बसले होते. पायात मोजे, मांडीवर वर्तमानपत्र. मागं सगळं कुटुंब नवी लुगडी, नवे फ्रॉक घालून खोळंबलेलं.

"अरे, आजच होतं काय?" नत्थुजी म्हणाले.

"नत्थुजी, डब्ब्यावर आयकू नाही आलं काय तुमाले?"

"आलं न. साफ आलं. काल आलं, आज चारदा आलं. पन भाऊ, ते त डब्बा म्हने. तुमी कुठी आले? 'समस्त बंधुभगिनी' म्हटलं तुमी. त्याच्यात मी कोनता?"

शालिकरामांनी दारातच हात जोडले. मग जुन्या सवयीनं आवाज आपोआप खाली आला. "माफी करा भाऊ. हे पाहा, पयले तुमच्याच घरी आलो."

नत्थुजींचा चेहरा उजळला. चपला आधीच दारात काढून ठेवलेल्या होत्या.

पुढचं घर कांदेबटाट्याच्या ठोक व्यापाऱ्याचं. तिथंही सगळे नटून बसलेले, तिथंही 'आजच होतं काय'. शालिकराम दारात उभे राहिले, आवाज खाली आणला. "पयले तुमच्याच घरी आलो." त्या पुढच्या घरीही तेच. गुडघे ठणकत होते, पण वाक्य तोंडात बसलेलं होतं, ते चालत राहिलं. महादेवराव मागं हात बांधून प्रत्येक दारात गप्प उभे राहत, यजमानाला रामराम करत आणि पुढं निघत. त्यांच्या मिशांखाली काय चाललंय ते कळत नव्हतं.

मनकर्णाकाकूंनी डबा देवघराशेजारी ठेवला होता. त्यावर क्रोशाचा रुमाल, पुढं हळदीकुंकवाची दोन बोटं.

"काकू, तुमीबी नाही आल्या?"

"बापा, मी त काल आयकल्याबरोबर हाव म्हटलं," काकू म्हणाल्या. "येतो म्हटलं. त्यानं काई जबाब नाही देल्ला. मंग पुन्हा म्हटलं. बस म्हटलं, चहा घे म्हटलं. आज त सकाळपासून बोलूनच राहिली मी त्याच्यासंग. म्हटलं शालिक नाराज हाये काय? आपलं म्हननं पोचलं नाही त बिनजबाबाचं जेवाले कसं जावं?"

शालिकरामांना भरून आलं. आता त्यांच्या ध्यानात आलं, की प्रत्येक घरातून जबाब आला होता. कोणी डब्याला हो म्हटलं होतं, कोणी मान डोलावली होती, कोणी बायकोला इस्त्री करायला सांगून हो म्हटलं होतं. तो जबाब घ्यायला दारात कोणी उभं नव्हतं, इतकंच. त्यांनी काकूंचा हात धरला, पायरीवरून खाली उतरवलं आणि म्हणाले, "काकू, पयले तुमच्याच घरी आलो." काकूंच्या मागं आधीच्या घरची मंडळी नटूनथटून रस्त्यातून चालली होती, पण काकूंनी तिकडे पाहिलं नाही.

असं करत लेआउट संपत आला. शेवटचं घर ओमप्रकाशांचं राहिलं. त्या फाटकापाशी महादेवराव थांबले. फाटकावर हात ठेवला, पण उघडलं नाही.

"इवाई, एक विचारू काय?"

"विचारा न."

"दिवाळीच्या आधी तुमी पोरीचं स्थळ घेऊन अकोल्याले आले. आमच्या फाटकातच तुमी म्हटलं, असाच आवाज करून, का महादेवराव, पयले तुमच्याच घरी आलो. मी आमच्या मंडळीले सांगतलं, पोरीचा बाप लय खरा मानूस हाये."

शालिकरामांच्या पायाखालची जमीन सरकली. गुडघे दुखायचे थांबले. माणूस घाबरला की लहान दुखणी पळतात. काय सांगावं? खरं सांगितलं तर ते वाक्य खोटं, आणि खोटं सांगावं तर आत्ताच ते वीस दारांत ऐकवून झालेलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडातून नव्हे, तर ओमप्रकाशांच्या बैठकीतून, शेजारच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, दोन्ही बाजूंच्या सगळ्या खिडक्यांतून एकाच वेळी जयवंताचा आवाज आला.

"ज्या कोनाच्या घरी हे दोघं असतीन, त्यानं तिथूनच त्याईले रवाना करा. आर्धी पंगत येऊन बसली हाये, रोडगे थंडे होऊन राहिले. आन चहा कोनी देऊ नका!"

तीच ती योजना. कोणत्या घरी कोण आहे हे ठाऊक नाही, आणि एकदाच बोलून सगळीकडे पोचवायचं आहे. मल्टिकास्ट याच कामासाठी जन्माला आलं होतं, आणि ते कसं वापरायचं हे कोणीही न शिकवता जयवंतानं वापरलं होतं. पण शालिकरामांना त्याचा आनंद करायची उसंत नव्हती. ते व्याह्यांच्या मिशांकडे पाहत होते.

मिशा आधी थरथरल्या. मग महादेवराव इतक्या मोठ्यानं हसले, की फाटकावरची चिमणी उडाली.

"घाबरू नका, इवाई. आमी तुमाले काय म्हटलं होतं, आठोते? का आमच्या शेखरनं पयलीच पोरगी पाह्यली आन पसंद केली."

"हाव. तसंच म्हटलं होतं."

"नववी होती."

शालिकरामांनी बोटांवर नऊ मोजले. मग त्यांनाही हसू फुटलं, आणि दोघे म्हातारे त्या फाटकाला धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. पलीकडे प्लॉटवर पंगत भरल्याचा कलकलाट ऐकू येत होता. महादेवरावांनी उपरण्यानं डोळे पुसले, तिकडे एकदा मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "तारीख काढून टाकू आजच."

एवढ्यात दार उघडून ओमप्रकाश बाहेर आले. कडक सदरा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर नियम. दुपारपासूनचा रुसवा बोलून दाखवायला त्यांनी तोंड उघडलं, तोच महादेवरावांनी फाटक लोटलं, दोन पावलं आत टाकली, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "चला भाऊ. पयले तुमच्याच घरी आलो."